गिटचा पॅच रिव्ह्यू: देवनागरी फाईलनावं आणि नको तेव्हा पास होणारी टेस्ट

मंडळी, गिट (फाईलींमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) सोर्सवरून कसं बिल्ड करायचं, म्हणजे मूळ कोडपासून कसं तयार करायचं, ते मागे लिहिलं होतं, त्याचा खरा उपयोग आता सुरू झालाय. सध्या गिटचाच एक पॅच, म्हणजे कोणीतरी सुचवलेला बदल, रिव्ह्यूला (तपासायला) घेतलाय. पॅच छोटाच आहे, कोडला हात नाही, फक्त एक नवीन टेस्ट टाकलीये, पण विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे. डिफ-स्टॅटमधे, म्हणजे कुठल्या फाईलीत किती ओळी बदलल्या त्या यादीत, लांब फाईलनाव जागेत बसत नसलं की गिट ते डावीकडून कापतो आणि पुढे तीन टिंबं लावतो, तर नाव देवनागरी असेल तेव्हा हे नीट होतं का, याची ती टेस्ट. माझ्या अहिराणी ओव्यांच्या रिपॉझिटरीत (गिटने सांभाळलेल्या फोल्डरमधे) एकेका गावाची एकेक फाईल आहे आणि नावंही तशीच, जळगाव, यावल, साक्री, शहादा, त्यामुळे हा पॅच दिसल्याबरोबर मी उतरवून घेतला.

आधी थोडं सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. गिटचं काम लिनस टोरवाल्ड्सनी एप्रिल २००५ मधे सुरू केलं आणि त्याच वर्षी जुलैपासून जुनिओ हमानो ते सांभाळतायत, आणि बरीच वर्षं डिफ-स्टॅटमधे फाईलनावाची लांबी बाईटमधे (साठवणीच्या एककात) मोजली जायची. इंग्रजी नावांना त्याने काही फरक पडत नाही, एक अक्षर एक बाईट. पण यूटीएफ-८ मधे, म्हणजे अक्षरं बाईटमधे साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईट खातं. जळगाव म्हणजे ज, ळ, ग, काना, व अशी पाच चिन्हं, पडद्यावर पाच कॉलम (अक्षरांच्या जागा) आणि बाईट मात्र १५. आताचा गिट कॉलम मोजतो, जुना २.३० बाईट मोजायचा.

आता पॅच. टेस्टमधे भलंमोठं देवनागरी नाव घेतलंय, नावाची रुंदी १० वर बांधलीये आणि आउटपुटमधली ओळ तीन टिंबांनी सुरू होते का ते ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) बघितलंय. माझ्या मशीनवर लावला, चालवला, सगळं पास. भुसावळचा मित्र शेजारीच बसला होता, तो म्हणे, टेस्ट हिरवी आहे ना, मग आता काय तपासतो भो? पण माझ्या मते रिव्ह्यू सुरूच तिथून होतो. पास झालेली टेस्ट फक्त एवढंच सांगते की पास झाली, ती बिघाड पकडते का हे बघायचं तर बिघडलेल्या कोडवर चालवायला पाहिजे. म्हणून गिटच्या वर्कट्री कमांडने शेजारच्या फोल्डरमधे जुना २.३० काढला, बिल्ड केला, पॅचमधली फक्त ही टेस्ट तिथे टाकली. तिथेही पास! म्हणजे ज्या चुकीवर पहारा ठेवायला टेस्ट लिहिली ती चूक समोरून निघून गेली तरी हिला पत्ता नाही.

मग कारण शोधायला बसलो. टेस्ट -d लावून चालवली की शेवटी ट्रॅश डिरेक्टरी (टेस्टचं तात्पुरतं फोल्डर) पुसली जात नाही, आत जाऊन तीच कमांड चालवून प्रत्यक्ष आउटपुट बघता येतं, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी लगेच करून बघा, फार कामाचं आहे. तिथे देवनागरी अक्षर एकही नव्हतं. बॅकस्लॅश २७६ असले नुसते आकडे. कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग मुळात चालू असते, त्यामुळे गिट अशा नावातला प्रत्येक बाईट ऑक्टलमधे (आठच्या पायाच्या आकड्यांत) लिहितो, ज चं होतं बॅकस्लॅश ३४०, बॅकस्लॅश २४४, बॅकस्लॅश २३४. म्हणजे एका बाईटला चार कॅरेक्टर, एका चिन्हाला बारा, आणि नुसतं जळगाव लिहायला दोन अवतरणचिन्हं धरून ६२ कॅरेक्टर. हे सगळं साधं आस्की (इंग्रजी अक्षरं, आकडे, खुणा), तिथे बाईट आणि कॉलम एकच, म्हणून जुना-नवा दोन्ही गिट सारखंच कापतात. देवनागरीची टेस्ट म्हणून लिहिली आणि देवनागरी त्या कोडपर्यंत पोचलीच नाही.

बरं, नुसती कोटपाथ बंद करून पण भागत नाही बघा. नाव इतकं लांब आहे की बाईटने मोजा नाहीतर कॉलमने, कापलं जाणारच, टिंबं दिसणारच. नाव असं पाहिजे की कॉलममधे बसतं पण बाईटमधे बसत नाही, आणि त्यासाठी आपलं जळगाव एकदम फिट आहे, रुंदी १०, कॉलम ५, बाईट १५. आताच्या गिटमधे कोटपाथ बंद करून पूर्ण नाव दिसतं. २.३० मधे तीन टिंबांना जागा सोडून सात बाईट उरतात, म्हणजे पुढचे आठ कापले जातात, ज आणि ळ चे सहा गेले, आणि ग चे दोन गेले. ग चा उरलेला एक बाईट तसाच लटकतो आणि टर्मिनलवर टिंबांनंतर तो प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो, मग काना, मग व. स्वतःच्या जिल्ह्याचं नाव असं तुटलेलं बघवत नाही हो.

रिव्ह्यूत मी हेच लिहिलं, कुठली कमांड चालवली, काय आउटपुट आलं, दोन्ही व्हर्जनवरचं शेजारीशेजारी, आणि जळगाव घालून टेस्ट कशी होईल ते पण. नुसतं "टेस्ट बरोबर नाही" असं लिहिलं तर समोरच्याने काय करायचं?

दुसरा मुद्दा बारीक पण नेहमीचा. पॅच लिहिणाऱ्याने गिटचं आउटपुट पाईपने सरळ ग्रेपला दिलं होतं. शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) पाईपमधल्या शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड (ती नीट संपली की नाही ते सांगणारा आकडा) बघतो, म्हणजे गिट ओळ छापून झाल्यावर क्रॅश झाला तरी ग्रेपला ओळ मिळाली की टेस्ट पास. गिटच्या टेस्टची पद्धतच आहे की आधी आउटपुट फाईलमधे घ्या आणि मग ती फाईल तपासा. कमिट मेसेजबद्दल (बदलासोबतची टीप) एकच सांगितलं, काय केलं ते आहे पण का केलं ते नाही, बाईट आणि कॉलमचं दोन ओळीत येऊ द्या.

एक गोष्ट मुद्दाम वेगळी ठेवली. तपासताना शेंदुर्णी-ओव्या या नावाची फाईल करून रुंदी ९ दिली, तर आताच्या गिटमधेही टिंबांनंतर नुसती दीर्घ वेलांटी आली, तिचा ण कापला गेला. कारण कापणी एकेका कोडपॉइंटने, म्हणजे सुट्या चिन्हाने, होते, अख्ख्या अक्षराने नाही, आणि तुटलेला बाईट नसला तरी वाचणाऱ्याला ते तुटलेलंच. नावात पुढे फोल्डर असेल तर गिट कापल्यानंतरच्या स्लॅशपर्यंत सरकतो म्हणून हे सहसा दिसत नाही. हे मला मनापासून खटकतं, पण त्या माणसाच्या छोट्या टेस्ट-पॅचवर हे ओझं टाकणं बरोबर वाटलं नाही, त्याचं काम अडकून बसलं असतं. फक्त नोंद केली की हे वेगळं काम आहे, या पॅचला अडवायला नको.

पॅचचं दुसरं व्हर्जन आलंय. रेंज-डिफ या गिटच्या कमांडने, २०१८ च्या २.१९ पासून आहे ते, पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक बघितला, जळगाव आलंय, कोटपाथ बंद आहे, पाईप गेलाय. टेस्ट २.३० वर टाकली तर आता फेल होते, आताच्या गिटवर पास, पाहिजे तसं. मी टेस्टेड-बाय दिलं, म्हणजे पॅच लावून चालवून बघितला अशी नोंद. रिव्ह्यूड-बाय म्हणजे सगळं बारकाईने तपासून पूर्ण समाधान झालं असं स्वतः सांगणं, आणि त्या टेस्ट फाईलमधल्या आजूबाजूच्या सगळ्या टेस्ट मी अजून वाचलेल्या नाहीत, त्या वाचून मगच देणार.

पुढे त्या वेलांटीचं घेतोय. धुळे-नंदुरबारकडे कोणाकडे विंडोजवर गिट असेल तर कोटपाथ बंद करून, जोडाक्षर असलेलं गावाचं नाव घेऊन, रुंदी हळूहळू कमी करत डिफ-स्टॅट चालवा आणि कुठे काय तुटतं ते टर्मिनलच्या नावासकट मला पाठवा.