चारही दिवे पेटलेली गाडी

सर्व्हेअर म्हटलं की आमच्याकडे लोकांना जमीन मोजणारा वाटतो. मी मोजतो ते गाड्यांचं नुकसान. अपघात झाला, विम्याचा क्लेम लागला की कंपनी मला पाठवते. कुठला पार्ट बदलायचा, कुठला डेंटरकडे सरळ होईल, प्लास्टिक-रबरवर ५० टक्के घसारा, काचेवर शून्य, असा हिशेब करून मी मोकळा होतो. चूक कोणाची हे मला कोणी विचारत नाही. फुल इन्शुरन्स असेल तर स्वतःच्या चुकीनेही गाडी ठोकलेल्याला पैसे मिळतात. हे सांगितलं तर निम्म्या लोकांना खरं वाटत नाही, आणि उरलेले निम्मे उगाच खोटी हकीकत रचत बसतात.

गेल्या पावसाळ्यातला हा क्लेम आंबोली घाटातला. कुडाळचे एक निवृत्त मुख्याध्यापक पत्नीला घेऊन बेळगावला निघाले होते. जुनी छोटी गाडी, पण आरशासारखी ठेवलेली, सर्व्हिसच्या पावत्या फाईलला लावलेल्या. घाटात दाट धुकं. उजव्या बाजूला टपऱ्यांजवळ थांबायला जागा दिसली म्हणून गुरुजी वळले, आणि मागून येणारी मासळीची पिकअप त्यांच्या पुढच्या उजव्या चाकावर आदळली. गाडी फिरून डाव्या नाकाने कठड्यावर गेली. बाईंचं मनगट मोडलं. सुरमई-बांगड्याचे क्रेट रस्त्यावर.

गुरुजींचा जबाब ठाम होता. "उजवा इंडिकेटर मी वळण्याच्या कितीतरी आधी दिला होता."

पिकअपवाला पोरगेला, वेंगुर्ल्याकडचा. तोही तितकाच ठाम. "इंडिकेटर दिल्यानच नाय, साहेबानु. चारय लायटी पेटत हुते. माका वाटला, गाडी बंद पडली हा. म्हणान मी भायर काढलंय."

दोघांतला एक खोटं बोलतोय, असंच कोणीही म्हणेल. पोलिसांनी तेच धरलं. मोठी गाडी, मागून आलेली, वर ड्रायव्हर पंचविशीच्या आतला. "भरधाव वेगाने, हयगयीने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून" हे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक फिर्यादीत असतं. गाडी उभी असताना ठोकली तरी असतं.

गॅरेजमध्ये मी गाडी पाहिली तेव्हा इंडिकेटरची काडी उजवीकडेच होती. म्हणजे गुरुजी खरे. पण चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं मधलं लाल त्रिकोणाचं बटणही आत दाबलेलं होतं. त्यावरून मात्र काही ठरत नाही, कारण अपघातानंतर पहिला धावून आलेला माणूस तेच बटण दाबतो. म्हणून मी बल्ब काढायला लावले. मिस्त्री वैतागला. कंपनी बल्बचे किती पैसे देणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

बल्ब खोटं बोलत नाही. विझलेल्या बल्बमधली तार थंड, कडक असते. धक्का बसला तर जशीच्या तशी राहते, नाहीतर कट्‌कन तुटते. पेटलेल्या बल्बमधली तार रसरशीत आणि मऊ असते. धडकेबरोबर ती ताणली जाते, वेटोळी उलगडून एका बाजूला झुकतात. काच फुटली तर आत हवा शिरून तार जळते आणि पांढुरकी-पिवळट भुकटी मागे राहते. उजव्या पुढच्या इंडिकेटरचा बल्ब फुटलेला होता, बुडाशी भुकटी. हे अपेक्षितच. डाव्याची काच शाबूत होती, आत तार मात्र पार लांबलेली. नुसता उजवा इंडिकेटर चालू असता तर डावा थंड हवा होता. कठड्यावर आपटली तेव्हा डावा बल्ब पेटलेला होता, आणि दोन धडकांच्या मधल्या त्या क्षणात कोणी बटण दाबत नाही. लुकलुकणारा दिवा नेमका विझलेला असताना धडक बसली असती, तर मलाही काही कळलं नसतं.

थोडक्यात, गुरुजी खालपासून चारही दिवे लावून घाट चढत होते. त्या अवस्थेत काडी कुठेही टाका, मागच्याला चार दिवेच दिसतात. दोघेही खरं बोलत होते.

मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "अहो, धुक्यात चारही लावायचे असा नियमच आहे."

असा नियम नाही. गाडी रस्त्यात बंद पडली, अडथळा झाली, हे सांगायला ते दिवे असतात. धुक्यात लो बीम, फॉग लॅम्प, कमी वेग. पण पावसाळ्यात आंबोली चढा, फोंडा चढा, दहातल्या सात गाड्या दिवाळी करत चाललेल्या असतात आणि प्रत्येकाला आपण फार जबाबदार वाटत असतो. पिकअपवाल्यालाही मी सोडला नाही. धुक्यात, समोरचं दिसत नसताना गाडी बाहेर काढलीच कशी? तर म्हणे, "चढणीच्या गाडयेक पयलो मान." अर्धा नियम. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी एवढंच ते आहे. चढणाऱ्याने दुसऱ्या चढणाऱ्याला ओलांडावं असं कुठे लिहिलंय?

बल्बचे फोटो मी रिपोर्टला जोडले. ऑफिसातून फोन आला, "याची काय गरज होती? लॉस असेस करा." क्लेम पास झाला. गुरुजी बंपरच्या निम्म्या पैशांवरून माझ्याशी तासभर भांडले, दिव्यांविषयी एक शब्द नाही.

पिकअपला फक्त थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरणारा. त्याची दुरुस्ती त्याच्याच खिशातून, मासळी गेली ती वेगळी. थर्ड पार्टी म्हणजे मेलेल्या-जखमी माणसांपुरती, असं सगळे समजतात. समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसानही तीत येतं, खासगी गाडीच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत. गुरुजींच्या चुकीचा जेवढा वाटा अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण धरेल तेवढं त्यांच्या कंपनीकडून या पोराला मागता येतं. पण ती कंपनी म्हणजे मला नेमणारी. रिपोर्ट तिचा. तो मी कोणाला दाखवू शकत नाही.

तरी कायदा सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. गॅरेजच्या दारात त्याला म्हटलं, ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, वकील गाठ, दावा लावायला कायद्याने आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे.

"गुन्हो माज्यार आसा, साहेबानु. मी खंय मागूक जातलंय?"

गुन्हा नोंदला म्हणजे दोष सिद्ध झाला नाही, हे मी त्याला दोनदा समजावलं. तो मान हलवत होता, पण नजर डेंटरच्या अंदाजपत्रकावर. बल्ब मी पाकिटात घालून, गाडीचा नंबर लिहून ठेवलेत. समन्स आलं तर घेऊन जाईन. मुदतीतले दोन महिने उरलेत, आणि वेंगुर्ल्याच्या बाजारात परवा तो दिसला तेव्हा त्याने अजून वकील गाठलेला नव्हता.