अपोलो बंदरावरील ताजमहाल पॅलेस : सहकुटुंब एक मुक्काम

आई-बाबांच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षे पूर्ण झाली. बाबांची सारी नोकरी इमारतींचे आराखडे काढण्यात गेली. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या कट्ट्यावर बसून त्यांनी समोरच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलचे घुमट आणि सज्जे कितीदा तरी न्याहाळले होते, पण आत पाऊल टाकण्याचा योग आला नव्हता. त्यामुळे समारंभाचा घाट न घालता त्या खर्चात एक रात्र तेथेच राहायचे, असे आम्ही भावंडांनी ठरवले.

खोली आरक्षित करताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. या हॉटेलच्या दोन इमारती आहेत : 1903 सालची जुनी पॅलेस इमारत आणि तिच्या शेजारी 1973 साली उभा राहिलेला टॉवर. टॉवरमधील खोली तुलनेने स्वस्त पडते आणि वरून समुद्रही छान दिसतो. परंतु वास्तूसाठी जाणाऱ्याने खोली पॅलेसमध्येच घ्यावी आणि तसे आरक्षणाच्या पावतीवर स्पष्ट नमूद आहे ना, हे तपासावे. मुक्कामी पाहुण्यांसाठी वास्तूची माहिती देणारी फेरी असते. तिची वेळ आधीच विचारून घ्यावी, म्हणजे दुपारची झोप आणि फेरी एकाच वेळी येत नाहीत.

चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून टॅक्सी केली की थोड्याच वेळात पोहोचता येते. शनिवार-रविवारी संध्याकाळी गेटवेच्या परिसरात मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी जावे. प्रवेशद्वारापाशी सामानाची आणि प्रत्येकाची तपासणी होते. सर्व प्रौढांची ओळखपत्रे एकाच पाकिटात हाताशी ठेवावीत. आमची तीन बॅगांत विखुरलेली होती आणि आईला तेवढा वेळ उभे राहावे लागले.

जमशेटजी टाटांनी बांधलेले हे हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झाले. गेटवेचे उद्घाटन 1924 सालचे. म्हणजे पहिली वीस वर्षे बोटीने येणाऱ्याला किनाऱ्यावर ही कमान नव्हे, तर हा घुमट दिसत असे. मूळ वास्तुरचना सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांची, काम पूर्णत्वास नेले डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने. वैद्यांचे नाव मराठी घरांतूनही फारसे माहीत नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. आराखडा चुकीचा वाचल्याने इमारत उलटी बांधली गेली, ही गोष्ट मात्र आपल्याकडे सर्वांना पाठ असते आणि ती खरी नाही. मूळ दर्शनी बाजू शहराकडे, पश्चिमेला, जाणूनबुजून ठेवलेली होती. आज त्या बाजूला पोहण्याचा तलाव आहे. तलावाकाठी उभे राहिले की दोन्ही बाजूंनी पुढे आलेले इमारतीचे हात दिसतात आणि पूर्वी गाड्या कुठून आत येत असतील याचा अंदाज येतो. बाबांनी तिथल्या कागदी रुमालावर पेनाने तो नकाशा काढून माझ्या मुलीला समजावून सांगितला.

सर्वाधिक वेळ राखून ठेवावा तो मधल्या जिन्यासाठी. खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर यांनी रचलेला हा जिना खालून पाहिला तर अधांतरी वाटतो. मध्ये खांब दिसत नाही, नजर थेट घुमटापर्यंत जाते. वरचे मजले केवळ मुक्कामी पाहुण्यांसाठी खुले असल्याने हे दृश्य पूर्णपणे अनुभवायचे तर राहणे भाग आहे. ज्येष्ठांना जिना चढायला लावू नये. लिफ्टने वर जाऊन सावकाश उतरत यावे. बाबा प्रत्येक वळणावर थांबून पायऱ्यांची खालची बाजू वाकून पाहत होते आणि भार भिंतीत कसा उतरवला असेल याबद्दल बोलत होते. तीन मजले उतरायला आम्हाला पाऊण तास लागला.

तळमजल्यावर 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात येथे मृत्यू पावलेल्या 31 जणांच्या नावांचा स्मृतिफलक आहे. मुलांना तेथे नेण्याआधी काय घडले ते त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगून ठेवावे. आम्ही तसे केले आणि मुलीने सगळी नावे हळू आवाजात वाचली.

बहीण आणि तिची मुले मुक्कामाला नव्हती. ती चहासाठी सी लाउंजमध्ये आली. ज्यांना मुक्काम परवडणार नाही त्यांच्यासाठीही हा मार्ग खुला आहे. पहिल्या मजल्यावरील हे दालन बंदराकडे तोंड करून आहे. खिडकीजवळचे टेबल हवे असल्यास आरक्षण करतानाच तसे सांगावे आणि रबरी चपला घालून जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या धक्क्यावरून घारापुरीला जाण्याचा मोह होतो. लेणी सोमवारी बंद असतात. इतर वारीही जाऊन-येऊन अर्धा दिवस सहज जातो आणि खोली दुपारी सोडायची असते. ती सहल वेगळ्या दिवशी ठेवावी आणि ही सकाळ जिन्याला द्यावी.