शेकोटी: गॅसची की लाकडाची?

बेळगावात थंडी पडली की परड्यात शेकोटी हवीच. आमच्या दाजींना मात्र गॅसची हवी. बटण दाबलं की जाळ, ना धूर, ना राख, ना शेजारच्या काकूंची कटकट. मान्य! पण १५ किलोवॉटचा बर्नर तासाला सव्वा किलोच्या आसपास गॅस खातो. १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर १५-१६ तासांत संपला म्हणायचा. घरचा सिलिंडर लावायचा नाही, तो स्वयंपाकापुरता. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर शेकोटीच्या खड्ड्यातच साचतो. म्हणून बुडाशी हवेला भोकं लागतातच.

आज संध्याकाळी खानापूरच्या मामांकडची बाभळीची लाकडं पेटवली. एकमेकांवर आपटल्यावर टणटण वाजतात ती वाळलेली. ओलं असलं की टोकाला पाणी फसफसतं, आणि आपल्या डोळ्यांतलं वेगळंच! निखारे पडल्यावर रताळी पुरली. वरची साल करपून कोळसा, आत नुसता खवा.

"दाजी, गॅसवर ही अशी भाजतील काय हो?"

"गप खा की आता!"

गच्ची असती तर मीही गॅसच घेतला असता, खोटं कशाला बोलू. परड्यात मात्र लाकूडच. दाजी अजून कॅटलॉग चाळतायत.