व्हेनिस बिएनालेतली राष्ट्रीय दालने: तीन दिवसांचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी सूचना

सप्टेंबर 2024 मधले गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार व्हेनिसच्या 60व्या कला-बिएनालेसाठी, म्हणजे देशोदेशींची दालने असलेल्या, दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनासाठी, ठेवले होते, त्याचा हा वृत्तांत. पुढचे कलाप्रदर्शन 9 मे ते 22 नोव्हेंबर 2026 या काळात आहे. सध्या सम वर्षी कला आणि विषम वर्षी स्थापत्य असा क्रम असतो, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी वर्ष नीट पाहून घ्या. सोमवारी प्रदर्शन बंद असते. 2024 मध्ये सप्टेंबरअखेरपर्यंत वेळ सकाळी 11 ते संध्याकाळी 7 अशी होती, पण आर्सेनाले, म्हणजे जुन्या जहाजगोदीतली जागा, शुक्रवारी आणि शनिवारी 8 पर्यंत उघडी असायची. गुरुवारी जार्दिनी, म्हणजे बागेतली दालने, शुक्रवारी आर्सेनाले आणि शनिवारी शहरात विखुरलेली दालने हा क्रम त्यावरूनच ठरवला.

तिकिटाचा एक नियम आधीच समजून घ्या. साध्या तिकिटावर (2024 मध्ये 30 युरो) जार्दिनीत एकदा आणि आर्सेनालेत एकदा प्रवेश मिळतो. हे दोन प्रवेश वेगवेगळ्या दिवशी घेतले तरी चालतात. मात्र एकदा फाटकाबाहेर पडलात की त्या जागेचा प्रवेश संपला. जेवायला बाहेर जाऊन परत येऊ म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते. तीन दिवसांचे तिकीट 40 युरोचे होते. वरचे 10 युरो वसूल होतात, कारण मोठी रांग पाहून सोडून दिलेल्या दालनाकडे दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाता येते. 26 वर्षांखालच्यांना आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे, ओळखपत्र जवळ ठेवा.

मुक्काम मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या मुख्य भूमीवरच्या भागात, स्वस्त पडतो. तिथून बेटावरचे सांता लुचिया स्टेशन रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर आहे. जार्दिनीला जायला व्हापोरेत्तोची, म्हणजे जलबसची, 1 नंबरची लाइन ग्रँड कॅनालमधून प्रत्येक थांबा घेत जवळपास तासभर लावते. देखावा सुरेख आहे, पण सकाळचा तास मोलाचा असतो. स्टेशनजवळच्या पियात्साले रोमा या चौकातून 5.1 नंबरची जलबस पकडा, ती बाहेरच्या बाजूने लवकर पोचवते. 75 मिनिटांचे तिकीट 9.50 युरो आणि 24 तासांचा पास 25 युरो, म्हणजे दिवसात तीन फेऱ्या होणार असतील तर पासच घ्यावा. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत काही ठरावीक दिवशी शहरात फक्त दिवसापुरते येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येत असल्याने तिथे राहणाऱ्यांना ते माफ आहे, पण माफीचा क्यूआर कोड आधी काढावा लागतो.

जार्दिनी ही नेपोलियनच्या काळात आखलेली बाग. बिएनाले 1895 साली सुरू झाली, पण बाहेरच्या देशाने इथे स्वतःची इमारत बांधण्याची सुरुवात 1907 मध्ये बेल्जियमने केली. आज इथे तीसच्या आसपास दालने आहेत. प्रत्येक दालनात शिरण्याआधी दोन मिनिटे बाहेर थांबून इमारत पाहा. हा आमचा सगळ्यात आग्रहाचा सल्ला आहे. इथे इमारत हेच त्या देशाचे पहिले विधान असते आणि आतला कलावंत बहुतेक वेळा तिच्याशीच वाद घालत असतो.

जर्मनीचे दालन याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. आज दिसतात ते उंच चौकोनी खांब 1938 च्या नाझी काळातल्या बदलातले. कलावंत हान्स हाके यांनी 1993 मध्ये आतली संगमरवरी फरशीच फोडली होती. 2022 मध्ये मारिया आइशहॉर्न यांनी भिंती आणि जमीन खणून 1909 च्या मूळ इमारतीचे सांधे उघडे केले. 2024 मध्ये एर्सान मोंडटाग यांनी मुख्य दारासमोर मातीचा ढीग रचून लोकांना बाजूच्या दाराने आत घेतले. हा इतिहास ठाऊक नसेल तर तो ढीग नुसता ढीगच दिसतो. तेव्हा इथे रांग मोठी होती, कारण आतली जागा अरुंद होती आणि थोडेथोडेच लोक सोडत होते. उघडल्या उघडल्या सरळ इथेच या. शेजारच्याच टेकाडावरचे ब्रिटनचे दालन, एका जुन्या उपाहारगृहाचे 1909 मध्ये केलेले रूपांतर, त्यानंतर पाहिले तरी चालते.

नॉर्डिक दालन, म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडचे एकत्र दालन, स्थापत्यकार स्वेरे फेन यांनी 1962 मध्ये बांधले. दुपारच्या उन्हात इथे या आणि मान वर करून छत पाहा. फक्त सहा सेंटिमीटर जाडीच्या आणि मीटरभर उंचीच्या काँक्रीटच्या तुळ्यांचे दोन थर एकमेकांना आडवे टाकले आहेत. ऊन थेट खाली येतच नाही. ते तुळ्यांवर आपटून पांढरे, सावलीविरहित होऊन उतरते. भूमध्य समुद्राकडच्या झळझळीत उन्हातून उत्तरेचा उजेड तयार करण्याची ही युक्ती आहे. बागेतली झाडे न तोडता छतातून वर काढली आहेत. 2024 मध्ये आत कलावंत लॅप-सी लाम यांनी बांबूची परांची उभारून गलबताचा आकार केला होता, आणि त्या उजेडात तो फार शोभत होता.

2024 चा सर्वोत्तम राष्ट्रीय दालनाचा पुरस्कार, सुवर्णसिंह, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी वंशाच्या आर्ची मूर यांना मिळाला. काळ्या भिंतींवर आणि छतावर खडूने लिहिलेली 65,000 वर्षांची वंशावळ आणि मधोमध पाण्यावर आदिवासींच्या कोठडीतल्या मृत्यूंच्या सरकारी कागदांचे गठ्ठे. आत अंधार होता. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटे स्वस्थ उभे राहावे लागे, डोळे सरावले की मगच नावे वाचता येत. बहुतेक लोक त्याआधीच बाहेर पडत होते.

जार्दिनीतल्या कालव्यावरचा पूल ओलांडून पलीकडे गेल्यावर इजिप्त, पोलंड, ब्राझील आणि ऑस्ट्रिया लागतात. सर्बियाच्या इमारतीवर अजून ‘युगोस्लाव्हिया’ कोरलेले आहे, ते चुकवू नका. इजिप्तमध्ये वाएल शॉकी यांची फिल्म 45 मिनिटांची होती आणि बाहेरची रांग वेगळी. इथे सगळ्यांचा हिशेब चुकतो. फिल्म असलेली दालने पूर्ण पाहायची तर दिवसात चार-पाचच होतात. म्हणून दारावरची लांबी वाचून सकाळीच तीन फिल्म निवडा, बाकीच्यांना दहा-दहा मिनिटे द्या. इस्रायलचे दालन कलावंत रूथ पाटीर यांनीच बंद ठेवले होते. रशियाचे बोलिव्हियाला दिले होते. कोणते दार बंद आहे आणि का, हेही इथे पाहण्यासारखे असते.

दिवसभर खडीवर चालायचे असते, म्हणून जाड तळव्याचे बूट घाला. संध्याकाळी डास असतात. मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली मात्र न्या, शहरातल्या सार्वजनिक नळांचे पाणी पिण्याजोगे आहे. दोन्ही जागांच्या मध्ये व्हिया गारिबाल्दी हा रस्ता आहे. तिथे किराणा दुकाने आहेत आणि खाणे स्वस्त मिळते. शाकाहारींनी सकाळी तिथूनच पाव, चीज, फळे घेऊन आत जावे. विकत घेताना ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’ असे दोन्ही सांगावे लागते. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर ट्यूना येतो.

आर्सेनालेत आधी कोर्देरीए लागते. ही तीनशे मीटरहून लांब अशी दोर वळण्याची जुनी इमारत आहे आणि तिथे मुख्य प्रदर्शन असते. देशांची दालने बरीचशी त्यापुढे आहेत. लोक इथेच पाय दमवतात आणि शेवटची इटली व चीनची दालने धावत पाहतात. उलट करा: आधी सरळ टोकापर्यंत चालत जा आणि पाहत पाहत मागे या.

शहरातली दालने विनामूल्य आहेत, पण त्यांच्या वेळा आणि सुट्टीचे वार वेगळे असतात, आदल्या रात्री तपासा. 2024 मध्ये व्हॅटिकनचे दालन जुदेक्का बेटावरच्या महिला तुरुंगात होते. तिथे आधी नोंदणी करून, ओळखपत्र दाखवून आणि फोन बाहेर ठेवूनच आत जाता येत होते. अशा दालनांची नोंदणी घरून निघण्यापूर्वीच करा.

भारताचे जार्दिनीत घर नाही. 2011 मध्ये रणजित होस्कोटे यांनी, आणि 2019 मध्ये रूबिना करोडे यांनी आर्सेनालेत भारताचे दालन मांडले. 2019 मध्ये मुंबईच्या शकुंतला कुलकर्णींची वेताची चिलखते तिथे होती. 2024 मध्ये दालन नव्हते, तरी मुख्य प्रदर्शनात सूझा आणि बी. प्रभा यांची चित्रे होती. पंढरपूरला जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांच्यावरचे स्वतंत्र प्रदर्शन शहराच्या दोर्सोदुरो भागातल्या जुन्या मिठाच्या गोदामात, मागात्सिनी देल सालेमध्ये, भरले होते. 2026 मध्ये भारत आर्सेनालेत परत येतो आहे. शुक्रवार-शनिवारच्या वाढीव वेळा पुन्हा असतील तर भारताचे दालन त्या शेवटच्या तासासाठी ठेवा, तेव्हा गर्दी ओसरलेली असते.