एका ताटात

शनिवारी दुपारी दोनच्या पुढे आमच्या भागातल्या इथिओपियन खानावळीत गर्दी ओसरते, म्हणून आम्ही त्याच वेळी जातो. वॉशिंग्टनला उत्तरेकडून चिकटलेल्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये अशा खानावळी पुष्कळ आहेत. आमची खानावळ एक लाँड्री आणि नखे रंगवून देणारे दुकान यांच्या मध्ये अंग चोरून उभी आहे. भिंतीवर ‘तेरा महिने ऊन’ असे सांगणारे इथिओपियाच्या पर्यटनाचे जुने भित्तिपत्रक लावलेले आहे. तिकडच्या पंचांगात ३० दिवसांचे बारा महिने आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांचा तेरावा महिना दर वर्षी येतो, हे कळल्यापासून आपल्या अधिक महिन्याचे मला फारसे कौतुक राहिलेले नाही.

परवा शेजारच्या टेबलावर चाळिशीचा एक गृहस्थ वडिलांसमोर बसून फोनवर बोलत होता. वडिलांनी इंजेराचा, म्हणजे तिकडच्या आंबवलेल्या पिठाच्या पातळ पोळीचा, तुकडा तोडला, त्यात तिखट मसूर आणि थोडा कोबी चिमटीने बांधला आणि टेबलावरून हात लांब करून तो घास मुलाच्या तोंडाशी नेला. मुलाने बोलणे थांबवले, आ केला, घास घेतला आणि दोन-तीन वेळा चावून पुन्हा बोलू लागला. याला तिकडे गुर्शा म्हणतात. तो मानाचा आणि मायेचा घास असतो आणि नाकारणे बरे दिसत नाही, एवढे मला ठाऊक होते. आपल्याकडे घास भरवला जातो तो तान्ह्या मुलाला, आजाऱ्याला, फार तर लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरीला, आणि तोही फोटोसाठी. मिशा पिकू लागलेल्या माणसाने वडिलांच्या हातून घास घ्यावा आणि आजूबाजूच्या कोणीही वळून पाहू नये, याचे मला कितीतरी वेळ नवल वाटत राहिले.

मी वाढलो त्या औरंगाबादच्या घरात उष्ट्याचा कायदा कडक होता. फुलपात्राला ओठ लावायचे नाहीत, पाणी वरून प्यायचे. आमटीची चव बघायची असेल तर थेंब तळहातावर घ्यायचा. वाढताना पळी कोणाच्या ताटाला लागली तर आजी ती पळी बाजूला ठेवून दुसरी मागवत असे, आणि ज्याच्या ताटाला ती लागली तो जेवण संपेपर्यंत मान खाली घालून बसत असे. ताटाचा नकाशाही ठरलेला होता. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे. आमटी भाजीत शिरली की माझे जेवण बिघडत असे, आणि खरे सांगायचे तर अजूनही बिघडते.

इथे मात्र परातीएवढ्या थाळीवर करड्या रंगाचा एक इंजेरा पसरलेला असतो आणि त्यावर बर्बरे हा तिखट मसाला घातलेल्या मसुरीची लाल मिसिर वत, हळद घातलेल्या डाळीची पिवळी कीक अलिचा, गोमेन नावाची हिरवी पालेभाजी, कोबी-गाजर-बटाटा असे सगळे ढीग एकमेकांना खेटून मांडलेले असतात; डावे नाही, उजवे नाही, वाट्या नाहीत, चमचे नाहीत, आणि चौघांत मिळून ताट एकच. मध्यभागी असते ती शिरो, म्हणजे भाजलेल्या डाळीच्या पिठाचे उकळते कालवण. पहिल्या घासालाच प्रत्येक मराठी माणूस जे म्हणतो तेच मीही म्हणालो होतो, की हे तर पिठले. बर्बरेत मिरचीबरोबर ओवा आणि मेथीही असते, त्यामुळे वास ओळखीचा वाटतो आणि चव ऐन वेळी भलतीकडे वळते.

इंजेरा नीट पाहण्यासारखा असतो. तो टेफ नावाच्या धान्याचा करतात आणि टेफचा दाणा जेमतेम एक मिलिमीटर भरतो. त्याचे पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवायचे, गरम मितदवर, म्हणजे मोठ्या सपाट तव्यावर, कडेपासून मध्याकडे गोल गोल ओतायचे आणि झाकण घालून एकाच बाजूने भाजायचे. वरच्या बाजूला असंख्य छिद्रे पडतात, आणि रस ती शोषून घेतात. उजव्या हाताने तुकडा तोडताना तो ओलसर आणि गार लागतो. ज्यांना जेवण वाफाळते लागते त्यांची इथे थोडी निराशा होते.

थाळीवर मी अजूनही माझी हद्द राखतो. माझ्यासमोरचा त्रिकोण माझा, त्यातला लाल ढीग हिरव्यापासून दोन बोटे दूर, आणि शेजारच्याच्या बाजूला माझा हात जात नाही. बायकोच्या ते लक्षात आले आहे आणि ती मुद्दाम माझ्या त्रिकोणातली गोमेन उचलते. इथेच जन्मलेल्या मुलीला हद्द म्हणजे काय तेच माहीत नाही. तिचा हात थाळीभर फिरतो. मात्र तिच्या हातचा गुर्शा मी बिनतक्रार घेतो, याची माझी मलाच संगती लागत नाही.

बुधवारी आणि शुक्रवारी इथे उपवासाचे ताट मिळते. तिकडच्या ख्रिस्ती लोकांच्या उपवासात मांस, अंडी, दूध, लोणी सगळेच वर्ज्य असते, आणि असे दिवस वर्षात इतके असतात की शाकाहारी माणसाची चैन होते. साबुदाण्यावर तूप सोडून उपवास करणाऱ्या आपण या विषयावर फार बोलू नये.

खरा पेच शेवटी येतो. ढीग संपतात आणि तळाचा इंजेरा उरतो, सगळे रस पिऊन मऊ झालेला आणि ताटातला सर्वांत चवदार. त्यावर हक्क कोणाचा हे ठरत नाही, म्हणून सगळेच सभ्यपणे हात आवरतात आणि तो तसाच राहतो. आमच्या घरी पानात टाकणे हा गुन्हा होता. १९८४ सालच्या दुष्काळाची चित्रे दूरदर्शनवर दिसू लागल्यावर त्या गुन्ह्याला एक नवे वाक्य जोडले गेले: तिकडे इथिओपियात मुले अन्नावाचून मरताहेत आणि तू पानात टाकतोस. शाळेत हडकुळ्या मुलाला ‘इथिओपिया’ म्हणून हाक मारत आणि तो हसत असे. त्याच शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात आमचे गाव, म्हणजे तेव्हाची खडकी, १६१० साली वसवणारा मलिक अंबर होता. तो हबशी होता एवढे पाठ केले होते. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा या टीव्हीवरच्या मुलांच्याच देशातला, हे कोणी सांगितले नाही.

तो दुष्काळ केवळ पावसाने ओढ दिल्यामुळे पडला नव्हता. १९७४ साली सम्राट हैले सेलासी यांना पदच्युत करून लष्कराने सत्ता घेतली होती आणि उत्तरेकडे युद्ध चालू होते. त्या वर्षांत देश सोडून निघालेल्यांपैकी पुष्कळ जण या वॉशिंग्टनच्या परिसरात येऊन स्थिरावले. आमच्या खानावळीच्या मालकीणबाई माझ्याच वयाच्या असाव्यात. १९८४ साली त्या कुठे होत्या हे मी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. ताटातला इंजेरा संपत आला की त्या गुंडाळ्यांची टोपली घेऊन येतात आणि आणखी देऊ का असे विचारतात; त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. पोट भरलेले असले तरी मी हो म्हणतो, आणि मग आम्ही चौघे तो कसाबसा संपवतो.