अजून आहे का?

आज दुपारी पोराने सहज विचारलं, "शेकाप अजून आहे का?" आपला शेतकरी कामगार पक्ष? आहे की! २०२४ ला सांगोल्यातून बाबासाहेब देशमुख आले ना निवडून. तो पुन्हा मोबाइलमध्ये. मी मात्र तिथेच अडकलो. पुढचं दुसरं नाव सांगायला तोंडच उघडेना.

१९५७ ला ३१ आमदार होते. संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती, कबूल. १९६२ ला १५ उरले. पाच वर्षांत शेतकऱ्याची दुखणी कुठे गेली होती? पण महाराष्ट्र राज्य झालं होतं, काँग्रेसचे यशवंतराव मुख्यमंत्री होते, जिल्हा परिषदा आल्या. साखर कारखाना उभा करायचा तर भागभांडवल सरकारचं, कर्जाला हमीही सरकारचीच. गावचा कर्ता माणूस मोर्चात किती वर्षं चालणार? पक्ष काढणारे केशवराव जेधे-शंकरराव मोरे तर त्याआधीच काँग्रेसमध्ये परतले होते. 

नावातल्या कामगाराचं काय, हे तर सोलापुरात बसून विचारूच नये. विडी वळणारी बाई आणि यंत्रमागावरचा माणूस माकपच्या आडम मास्तरांच्या लाल बावट्याखाली गेला. आपला लाल बावटा माणदेशात, सांगोल्याकडे. मग आबासाहेब, म्हणजे गणपतराव देशमुख. सांगोल्याचे आमदार, अकरा वेळा. त्या अकरा विजयांनी पक्ष जगवला की झाकून ठेवला? २०१९ ला ते उभे नव्हते, तर ७६८ मतांनी जागा गेली. ७६८! त्या रात्री जिंकलेल्या शिवसेनेच्या शहाजीबापूंपेक्षा आपल्याच लोकांचा राग जास्त आला होता.

राज्य पक्षाची मान्यता परत हवी तर एक वाट म्हणजे विधानसभेला सहा टक्के मतं आणि दोन आमदार. आमदार एक आहे; दुसरा कुठून काढायचा? २०२४ ला आपल्या जुन्या बालेकिल्ल्याने, रायगडानेही हात वर केले. मान्यता नसली की उमेदवारी अर्जावर एकाऐवजी दहा सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारे, लागतात, तेही त्याच मतदारसंघाचे मतदार. मतदानयंत्रावर नाव मान्यताप्राप्त पक्षांच्या खाली, अपक्षांच्या वर. म्हणजे अगदीच तळाला नाही, हेही बरंच म्हणायचं.

सांगोल्यात दहा सूचक चहा संपायच्या आत मिळतील. सोलापूर शहरात? नावं मोजायला बसलो. चौघांवर आलो, त्यातल्या एकाचं नाव मतदारयादीत पंढरपूरला निघेल अशी शंका आहे.