तुम्ही विचारलंत म्हणून: फुटबॉलवाल्यांना बॅले कशाला?

सुट्टीत घरी आले की हा प्रश्न ठरलेलाच. "तू अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमची फिजिओ ना? मग त्या धिप्पाड पोरांना बॅलेच्या वर्गाला कशाला पाठवतेस?" तिथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याला आडवं पाडायचं. त्यात नाच कुठून आला, असं वाटणारच.

वेग म्हटलं की सगळे 40 यार्डांची सरळ धाव मोजतात. सामन्यात इतकं सरळ पळायला मिळतं कितीदा? मला 5-10-5 नावाची धावचाचणी जास्त बोलकी वाटते. 5 यार्ड एका बाजूला, रेषेला हात लावून 10 यार्ड उलट, पुन्हा 5 यार्ड परत. अंतर अवघं 20 यार्ड, पण दोनदा गच्च थांबून वळायचं. सुसाट पळणारी पोरं इथे अडकतात, कारण त्यांना थांबता येत नाही. गुडघा आत कलतो, अंग पुढे जातं. गुडघ्याचं लिगामेंट अनेकदा अशाच क्षणी तुटतं, कोणी हातही लावलेला नसताना.

बॅलेत पहिला धडाच प्लिएचा. पाठ ताठ, टाचा जमिनीवर, गुडघे पावलांच्या रेषेत ठेवून हळूहळू वाकायचं. उडी सुरू होते तिथून आणि उतरतेही तिथेच. गच्च थांबून वळतानाही गुडघा असाच पावलाच्या रेषेत हवा. तिथला नामवंत फुटबॉलपटू लिन स्वान लहानपणी नाच शिकला होता. 1976 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, त्याने हवेत झेपावून चेंडू झेलले. चार झेलांत 161 यार्डांची आगेकूच, आणि सामनावीरही तोच. दुसरा फुटबॉलपटू हर्शेल वॉकर तर 1988 मध्ये फोर्ट वर्थ बॅले या नृत्यसंस्थेबरोबर रंगमंचावर उतरला.

बॅलेने 40 यार्डांची वेळ कमी होईल, असं मी कुणाला सांगत नाही. त्याला वजनं आणि स्प्रिंटच हवेत.

आमचा एक लाइनमन आहे, म्हणजे पुढच्या फळीत समोरच्याला रेटणारा, 130 किलोंचा. पहिल्या दिवशी तो उडी मारून उतरला आणि आरसे थरथरले. बॅलेच्या बाई एवढंच म्हणाल्या, "आवाज नको." दोन महिने तो भिंतीलगतचा आधाराचा दांडा धरून वाकत राहिला, घामाने टी-शर्ट पाठीला चिकटलेला. एकदा बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्याने उडी मारली, उतरला. बाईंनी वळून विचारलं, "मारतोयस ना?"